घोंगडं, इरलं आणि डोंगराचे मालक: मेक्सिकोतल्या मोनार्कच्या जंगलाचं प्रकरण

मेक्सिकोतल्या ला मेसा गावाच्या डोंगरावर दहाएक वर्षांपूर्वी गावकरी आणि मिचोआकान विद्यापीठातले संशोधक मिळून ओयामेलची रोपं लावत होते. ओयामेल म्हणजे तिथल्या उंच डोंगरांवरचा सूचिपर्णी वृक्ष, शास्त्रीय नाव 'एबीज रेलिजिओसा'. काही रोपं नेहमीसारखी उघड्या जागेवर लावली. काही मात्र आधीच वाढलेल्या रानझुडपांच्या पोटाशी, सावलीत लावली. एरवी झाडं लावायची म्हटलं की माणूस आधी झुडपं साफ करतो. इथे तीच झुडपं हवी होती. स्पॅनिशमध्ये अशा झुडपाला जे नाव आहे, त्याचा अर्थ होतो दाई.

उघड्यावरची रोपं दिवसा उन्हाने होरपळली आणि रात्री हिमाने जळाली. दाईच्या सावलीतली रोपं त्यांच्या तुलनेत कितीतरी जास्त तगली. या प्रयोगाचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. मोनार्क फुलपाखरांच्या जंगलाची गोष्ट सांगताना मला सर्वांत आधी ही झुडपं आठवतात. चार दशकांत तिथे जे चुकलं ते घाईने साफसफाई केल्यामुळे चुकलं. जे साधलं ते आधीपासून तिथे असलेल्यांना धरून राहिल्यामुळे साधलं. हे झुडपांबद्दल खरं आहे आणि माणसांबद्दल त्याहून अधिक.

चार महिन्यांचा मुक्काम

रॉकी पर्वताच्या पूर्वेला, अमेरिका आणि कॅनडात उन्हाळ्यात वाढणारी मोनार्क फुलपाखरं हिवाळ्यासाठी मध्य मेक्सिकोत येतात. काहींचा प्रवास चार हजार किलोमीटरांहून मोठा असतो. ती उतरतात मिचोआकान आणि मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवरच्या मोजक्या डोंगरांवर, तीन हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर. मार्चमध्ये परत निघालेली फुलपाखरं टेक्सासच्या आसपास अंडी घालून मरतात. पुढच्या दोन-तीन पिढ्या उत्तरेकडे सरकत जातात आणि शरद ऋतूत जी पिढी दक्षिणेला निघते, तिने हा डोंगर कधीच पाहिलेला नसतो. पणजोबा ज्या झाडीत राहून गेले, त्याच झाडीत पणतू येऊन बसतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला, मृतांच्या स्मरणाच्या सणाच्या सुमारास ही फुलपाखरं पोहोचू लागतात. तिथल्या मासावा आणि ओतोमी लोकांची श्रद्धा अशी, की हे आपले गेलेले आप्तच परत आले. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फुलपाखरांना ओयामेलच का लागतो, याचं उत्तर शोधण्यात लिंकन ब्राउअर या अमेरिकी शास्त्रज्ञाने आयुष्याची अनेक वर्षं घातली. या जंगलाचं दाट छत दोन कामं करतं. रात्री जमिनीची ऊब वर निसटू देत नाही आणि पाऊस-हिम फुलपाखरांपर्यंत पोहोचू देत नाही. आपल्या शब्दांत सांगायचं तर घोंगडंही तेच आणि इरलंही तेच. दोन्हींची गरज का, ते थंडीच्या आकड्यांवरून कळतं. कोरडं मोनार्क शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत तग धरतं, पण अंग भिजलेलं असेल तर शून्याखाली चार अंशांच्या आसपासच गोठून मरू लागतं. जाड खोडांचंही महत्त्व आहे. दिवसभरात शोषलेली उष्णता ती रात्री धरून ठेवतात आणि खोडाला चिकटलेली फुलपाखरं फांदीवरच्यांपेक्षा उबेत राहतात. त्यामुळे जंगलातली निवडक झाडं काढली आणि बाकीचं उभं ठेवलं तरी चालेल, हा हिशोब इथे लागू पडत नाही. छताला एक भोक पडलं की घोंगडं फाटलं.

जानेवारी 2002 मध्ये आधी पाऊस आणि मग कडाक्याची थंडी असा तडाखा बसला. एल रोसारिओ आणि सिएरा चिंकुआ इथल्या मोठ्या वसाहतींमधली तीन चतुर्थांशाच्या आसपास फुलपाखरं एका फटक्यात मेली. जमिनीवर त्यांचा थर साचला होता.

डोंगर कोणाचा?

या जंगलाचा 'शोध' 2 जानेवारी 1975 रोजी लागला, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. कॅनडाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट अनेक वर्षं फुलपाखरांच्या पंखांना चिठ्ठ्या लावून त्यांचा माग काढत होते. त्यांच्यासाठी मेक्सिकोत भटकणारे केन ब्रुगर आणि मिचोआकानमध्येच जन्मलेल्या कातालिना आग्वादो सेरो पेलोन डोंगरावर पोहोचले. पुढच्या वर्षी 'नॅशनल जिऑग्राफिक'ने ही बातमी जगभर नेली. डोंगराखालच्या गावांना अर्थातच ती नवी नव्हती. फुलपाखरं कुठून येतात आणि कुठे जातात, हे कोडं मात्र त्यांनाही सुटलेलं नव्हतं.

या प्रकरणाचा गाभा म्हणजे जमिनीची मालकी. मेक्सिकोच्या क्रांतीनंतर जमीनदारांच्या जमिनी काढून गावांना सामुदायिक मालकीने दिल्या गेल्या. अशा गावसंस्थेला 'एहिदो' म्हणतात. मोनार्कच्या डोंगरांवरचं बहुतेक जंगल अशा एहिदोंच्या किंवा आदिवासी समुदायांच्या मालकीचं आहे. आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखात्याचा दगड डोळ्यांसमोर येतो. तिथे जंगल गावाचं आहे, कायद्याने. लाकूडतोडीचे परवाने मिळत आणि त्यावर घरं चालत.

सरकारने 1986 मध्ये पाच डोंगरांवरचं मिळून 16,110 हेक्टर क्षेत्र राखीव केलं. त्याच्या आतल्या मुख्य भागात, म्हणजे गाभ्यात, तोड बंद. मालकांना ना नीट विचारलं, ना भरपाई दिली. कालपर्यंत हक्काचं असलेलं झाड आज तोडलं तर गुन्हा. याचा परिणाम काय व्हायचा तोच झाला. उद्या हातातून जाणार असेल तर आजच तोडा, ही भावना बळावली. ज्यांना फुलपाखरांबद्दल जिव्हाळा होता, त्यांच्याही मनात कटुता आली. मी याला गावकऱ्यांचा अडाणीपणा म्हणणार नाही. कुणी माझ्या शेताभोवती न विचारता कुंपण घातलं असतं, तर मीही त्या कुंपणाची राखण केली नसती.

नोव्हेंबर 2000 मध्ये राखीव क्षेत्र वाढवून 56,259 हेक्टर केलं गेलं. त्यातला गाभा साडेतेरा हजार हेक्टरांचा. या वेळी मात्र सोबत एक नवी गोष्ट आली: मोनार्क निधी. पॅकार्ड फाउंडेशन, केंद्र सरकार आणि राज्यं यांच्या पैशांतून तो उभा राहिला आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ मेक्सिको व मेक्सिकोचा निसर्गसंवर्धन निधी या दोन संस्थांकडे त्याचा कारभार आला. ज्या गावांनी तोडीचे परवाने सोडले, त्यांना त्या लाकडाचा मोबदला. ज्यांनी जंगल राखलं, त्यांना राखणीचे पैसे. आणि जंगल खरंच उभं आहे का, हे विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून ठराविक काळाने तपासायचं. राखणाऱ्याला पैसे, तोडणाऱ्याला नाहीत. तत्त्व साधं होतं, पण ते सुचायला आणि जमायला चौदा वर्षं लागली.

निधी आला म्हणून दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी थांबल्या नाहीत. 2001 ते 2012 या काळात गाभ्यातलं 1,254 हेक्टर जंगल साफ झालं आणि आणखी 925 हेक्टर विरळ झालं. सर्वांत वाईट काळ 2005 ते 2007. ट्रक घेऊन येणाऱ्या टोळ्यांपुढे गावची चार माणसं काय करणार? पैसा, पोलिसी बंदोबस्त आणि गावांची स्वतःची गस्त हे तिन्ही एकत्र आलं तेव्हा मोठ्या प्रमाणावरची तोड घटत गेली आणि 2012 पर्यंत जवळजवळ थांबली. यातलं कुठलंही एक काढून घेतलं असतं तर बाकीचे दोन पुरले नसते, असं मला वाटतं. ही लढाई एकदाच जिंकून संपत नाही, हेही लगेच दिसलं. 2015 मध्ये सिएरा चिंकुआवर सुमारे दहा हेक्टर जंगल पुन्हा तोडलं गेलं.

एल रोसारिओ

एल रोसारिओ हा या सगळ्यातला सर्वांत प्रसिद्ध एहिदो. इथल्या डोंगरावर बहुतेक वर्षी सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक असते. फांद्या फुलपाखरांच्या भाराने वाकतात आणि ऊन पडलं की आकाश नारिंगी होतं. नोव्हेंबर ते मार्च या हंगामात तिकिटं, वाटाडे, घोडे, खाण्याचे ठेले यांतून गावात पैसा येतो. लाकडाच्या गावाला पर्यटनाचं गाव होता आलं.

या बदलात पुढे असलेले ओमेरो गोमेस गोन्सालेस हे स्वतः लाकूडतोडीच्या धंद्यातले. पर्यटनाने जंगल उभं ठेवूनही पोट भरेल, हे पटल्यावर ते राखणीच्या बाजूला आले. गावाला त्यांनी गस्तीला आणि झाडं लावायला उभं केलं. फुलपाखरांच्या गर्दीत उभं राहून बोलणारे त्यांचे व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिले. 13 जानेवारी 2020 रोजी ते बेपत्ता झाले. 29 जानेवारीला त्यांचा मृतदेह पाण्याच्या एका हौदात सापडला. डोक्याला मार होता. काही दिवसांतच राउल एर्नांदेस रोमेरो या वाटाड्याचाही मृतदेह डोंगरावर मिळाला, अंगावर जखमा होत्या. 'समुदायाचा सहभाग' हा शब्द अहवालांत सहज लिहिला जातो. तो लिहिताना ही दोन नावं आठवावीत, असं मला मनापासून वाटतं. गस्त म्हणजे कधी कधी जिवाशी गाठ असते.

पर्यटनाचं उत्पन्न चारच महिन्यांचं, आणि तेही फक्त त्यांना ज्यांच्या डोंगरावर फुलपाखरं उतरतात. शेजारच्या गावाने तितकंच जंगल राखलं, पण वसाहत त्यांच्या हद्दीत आली नाही, तर त्यांना तिकिटाचा एक पेसो मिळत नाही. एहिदोमध्येही सभासदत्वाचा हक्क सहसा एकाच वारसाला जातो. उरलेल्या भावंडांना ना जमीन, ना वाटा. जंगलालगत अॅव्होकॅडोच्या बागांचं आमिष वाढतं आहे, आणि अमेरिकेत त्या फळाला मागणी प्रचंड आहे. ज्याच्या वाट्याला फुलपाखरू येत नाही त्याला जंगल राखण्यात काय मिळतं? माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि वृक्षारोपणाच्या आकड्यांखाली तो झाकला जातो.

रोपं, चुली आणि अळिंबी

याच प्रश्नाभोवती काही शांत, फोटोत न मावणारी कामं चालली आहेत. 'अल्तेर्नारे' ही संस्था 1998 पासून या भागातल्या शेतकऱ्यांना कमी लाकडात चालणाऱ्या चुली, मातीच्या विटांची घरं, रोपवाटिका, जमिनीची धूप थोपवणं असं शिकवते, आणि शिकलेला शेतकरी पुढच्या गावात शिकवतो. लाकडी घराऐवजी मातीचं घर बांधलं की काही झाडं वाचतात. चुलीचा जळणखर्च घटला की बाईचा डोंगरावरचा एक फेरा वाचतो. काही गावांत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मदतीने अळिंबीची शेती आणि सामुदायिक रोपवाटिका उभ्या राहिल्या. यांतून वर्षभर थोडं थोडं उत्पन्न येतं आणि फुलपाखरं कुठे उतरली यावर ते अवलंबून नसतं.

'फॉरेस्ट्स फॉर मोनार्क्स' या नावाने ओळखलं जाणारं काम 1997 पासून चालू आहे. त्यात मुख्यतः खालच्या उतारांवर, शेतांच्या कडेला आणि पडीक जागी पाइनची झाडं लावली जातात. ओयामेल सोडून पाइन का, असा प्रश्न कुणालाही पडेल. पाइन लवकर वाढतो, मालकाला घराचं आणि विकायचं लाकूड त्यातून मिळतं, आणि मग वरच्या ओयामेलकडे कुऱ्हाड घेऊन जायची गरज उरत नाही. फुलपाखरू या पाइनवर बसणार नाही, तरी त्याचं घर वाचवण्यात त्या झाडाचा वाटा आहे.

दुसऱ्या टोकाला

जंगल राखणाऱ्या गावांवर एक अन्याय नेहमी होतो. फुलपाखरं घटली की बोट त्यांच्याकडे जातं. डिसेंबरात डोंगरावरच्या वसाहतींनी व्यापलेलं क्षेत्र मोजतात, तोच सगळ्या पूर्वेकडच्या मोनार्कचा हिशोब. 1996-97 च्या हिवाळ्यात ते 18.19 हेक्टर होतं, म्हणजे जवळजवळ 45 एकर. 2013-14 मध्ये 0.67 हेक्टर, पावणेदोन एकरही नाही. 2018-19 मध्ये 6.05 पर्यंत सावरलं, 2023-24 मध्ये पुन्हा 0.90 वर आलं आणि 2024-25 मध्ये 1.79 झालं. नीट पाहा: मोठी अवैध तोड थांबल्यानंतरच्याच हिवाळ्यांत आकडा तळाला गेला. कारण घसरणीचा मोठा भाग उत्तरेत घडतो आहे.

मोनार्कची अळी फक्त मिल्कवीडवर जगते. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातल्या चिकाच्या वनस्पती. अमेरिकेच्या मक्या-सोयाबीनच्या पट्ट्यात तणनाशक सोसणारी वाणं आली आणि ग्लायफोसेट या तणनाशकाच्या फवाऱ्यात शेतांतलं मिल्कवीड नाहीसं झालं. 1999 ते 2010 या काळात तिथलं मिल्कवीड 58 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज 2012 मधल्या एका अभ्यासात मांडला गेला. म्हणून तिकडेही शाळांच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, घरांच्या अंगणात मिल्कवीड लावण्याची चळवळ उभी राहिली.

इथे एक धागा थेट आपल्या अंगणापर्यंत येतो. महाराष्ट्रात लाल-पिवळ्या फुलांमुळे ज्याला हळदी-कुंकू म्हणतात, ते मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं मिल्कवीडच. आपल्याकडे मोनार्कच्या चुलतभावाच्या, प्लेन टायगरच्या अळ्या त्याच्यावर दिसतात. टेक्सासच्या नर्सरीत हे झाड सहज मिळतं, आणि तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडची आठवण म्हणून ते घरी न्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ऊबदार राज्यांत स्थानिक मिल्कवीड हिवाळ्यात वाळतं, हे मात्र हिरवंच राहतं. मग काही मोनार्क मेक्सिकोला जायचं सोडून तिथेच अंडी घालत राहतात आणि त्याच त्या पानांवर एका परजीवीचे बीजाणू साचून पिढ्यान्‌पिढ्या रोग पसरतो. उपाय सोपा आहे. स्थानिक जातीचं मिल्कवीड लावावं, किंवा आधीच हळदी-कुंकू असेल तर शरद ऋतूत ते जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावं. प्रेमाने लावलेलं झाडही चुकीच्या जागी नुकसान करू शकतं, हे मान्य करणं जड जातं. ज्यांनी हौसेने बाग फुलवली त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण सांगायला मात्र हवं.

डोंगराची उंची संपते तेव्हा

आता पुन्हा दाईच्या झुडपांकडे. ला मेसाच्या प्रयोगात रोपं फक्त सावलीत लावली नव्हती, ती त्यांच्या आईवडिलांच्या जागेपेक्षा वर, जास्त थंड जागीही लावली होती. कारण डोंगर तापतो आहे. संशोधक क्वाउतेमोक साएन्स-रोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये गणित मांडलं: ओयामेलला मानवणारं हवामान असलेलं क्षेत्र 2030 च्या आसपास 69 टक्क्यांनी घटेल आणि 2090 पर्यंत मोनार्कच्या राखीव क्षेत्रात ते उरणारच नाही कदाचित. झाड स्वतः चालत वर जाऊ शकत नाही. बी वाऱ्याने जातं, पण इतक्या वेगाने नाही. माणसाने ते उचलून वर नेलं तर? ला मेसाच्या प्रयोगाचं उत्तर होतं: सावली मिळाली तर चारशे मीटरपर्यंत वर नेता येईल.

अडचण अशी की मोनार्कचे डोंगर साधारण 3,600 मीटरवर संपतात. त्याच्यावर फक्त आकाश. म्हणून पुढचा प्रयोग राखीव क्षेत्राच्या बाहेर झाला, 4,680 मीटर उंचीच्या नेवादो दे तोलुका या ज्वालामुखीच्या उतारावर, कालिमायाच्या समुदायाच्या जमिनीत. मोनार्कच्या जंगलातल्या बियांपासून वाढवलेली रोपं 2021 मध्ये 3,400 पासून 4,000 मीटरपर्यंत चार उंचींवर, पुन्हा दाईच्या सावलीत लावली गेली. झाडांच्या हद्दीवर, 4,000 मीटरवर ती खुरटली. त्याखाली मात्र बरीचशी धरली.

या प्रयोगावर एक आक्षेप रास्त आहे. जंगल म्हणजे फक्त ओयामेल नव्हे. माती, बुरशी, कीटक, पक्षी हे सगळं रोपाच्या पिशवीत मावत नाही. शिवाय फुलपाखरं तिथे येतील याची हमी कोण देणार? पण नेवादो दे तोलुकावर अलीकडच्या वर्षांत मोनार्कच्या वसाहती दिसू लागल्या आहेत, आपणहून. थंडाव्याच्या शोधात ती आधीच तिकडे सरकत असतील, तर त्यांच्यासाठी छत तयार ठेवणं मला अवाजवी वाटत नाही.

कालिमायाच्या ज्या लोकांनी ती जागा दिली आणि रोपं लावली, त्यांच्या डोंगरावर आज तिकीटघर नाही, घोडेवाले नाहीत. रोपांचं घोंगडं आणि इरलं व्हायला काही दशकं लागतील. तोवर कुणी तरी तिथे गुरं शिरू द्यायची नाहीत, आग लागली तर विझवायची, आणि दाईची झुडपं कुणी साफ करणार नाही हे पाहायचं. ही राखण आत्ता त्या समुदायाकडे आहे, आणि तिचे पैसे कुठून येणार हे मोनार्क निधीच्या नकाशात अजून आलेलं नाही, कारण तो ज्वालामुखी मोनार्कच्या राखीव क्षेत्राबाहेर आहे.